शुगरसाठी झाडपाला घ्यायचा असेल तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

आपल्या भागात कुणाला शुगर निघाली की रिपोर्टाचा कागद घरी पोचायच्या आत औषधं पोचतात. शेजारच्या काकू मेथीचं पाणी सांगतात, कुणी जांबोटीकडून जांभळाच्या बियांची पूड आणून देतं, कुणाच्या मेहुण्याला बिबळ्याच्या लाकडी पेल्यातल्या पाण्याचा गुण आलेला असतो. सांगणाऱ्याची माया खरी असते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. मग चार गोष्टी एकदम सुरू होतात आणि डॉक्टरांच्या कानावर त्यातली एकही जात नाही. महिन्याभराने शुगर उतरली तर कशाने उतरली आणि चढली तर कशाने चढली, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

मी बेळगावात औषधाच्या दुकानात काउंटरच्या आत उभा असतो. झाडपाल्याला माझा विरोध नाही. यातल्या काही वनस्पतींमध्ये साखर उतरवण्याचा गुण आहे, पण तो थोडा आहे आणि माणसागणिक वेगळा आहे. म्हणूनच तो मोजून बघावा लागतो. एका वेळी एकच वनस्पती, गोळ्या न थांबवता, वहीत आकडे लिहून: पुढे लिहिलंय ते सगळं याच वाटेने जातं.

हे टाइप टू मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. टाइप वनचा रुग्ण, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, लहान मूल आणि किडनी किंवा लिव्हरचा त्रास असलेला माणूस यांनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

आधी आकडे

झाडपाल्याचा पहिला चमचा तोंडात जायच्या आधी रक्त तपासून घ्या. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे आपण जिला तीन महिन्यांची सरासरी म्हणतो ती. त्याच वेळी किडनीची क्रिएटिनिन आणि लिव्हरची एसजीपीटी करून घ्या. शेवटच्या दोन तपासण्या लोक वगळतात. पण काढे आणि चूर्णं शरीराबाहेर टाकायचं काम किडनी आणि लिव्हरच करतात, त्यामुळे ती आज कुठे आहेत हे ठाऊक हवं.

उपाशीपोटी 126 किंवा अधिक, जेवणानंतर 200 किंवा अधिक, एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा अधिक आलं तर मधुमेह. लक्षणं नसतील तर डॉक्टर पुन्हा एकदा तपासून पक्कं करतात. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. उपचार चालू असताना बहुतेकांना एचबीएवनसी 7 च्या खाली, उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत ठेवायला सांगतात. वय झालेल्या माणसाला डॉक्टर यात सूट देतात, आणि ती द्यायलाच हवी. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांची शुगर 85 वर आणून ठेवण्यात धोकाच जास्त.

अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी फसवं येऊ शकतं. आपल्याकडे बायकांमध्ये हे नेहमीचं आहे, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा

ही पायरी सीमाभागातल्या माणसांनी तर अजिबात चुकवू नये. आपली दवाखान्यांची वाट दोन्हीकडची असते. तालुक्याच्या डॉक्टरांकडून गोळ्या चालू असतात, मग लेकीकडे कोल्हापूरला नाहीतर गडहिंग्लजला गेलं की तिथल्या डॉक्टरांना दाखवलं जातं. इथला कागद तिथे नेलेला नसतो, तिथला इथे दाखवला जात नाही.

निपाणीकडचे एक काका दुकानात आले होते. दुपारी जेवायच्या आधी हात थरथरायचे, घाम सुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. ते म्हणाले, "अशक्तपणा हाय बगा, टॉनिक द्या कायतरी." मी पिशवी दाखवायला सांगितली. आत दोन कंपन्यांच्या दोन पट्ट्या होत्या, नावं वेगळी, रंग वेगळे. पट्टीवर कंपनीचं नाव ठळक असतं आणि खऱ्या औषधाचं नाव खाली बारीक अक्षरात. चष्मा लावून ती बारीक ओळ वाचली तर दोन्हींत तेच: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. एक इथल्या डॉक्टरांची, एक कोल्हापूरच्या. त्यावर रोज सकाळी कारल्याचा रस. त्यांना टॉनिकची गरजच नव्हती, शुगर खाली जात होती. त्याच दिवशी त्यांना पट्ट्यांसकट त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

म्हणून घरातल्या प्रत्येक पट्टीवरची ती बारीक ओळ वहीत उतरवून घ्या. वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या नातवाला बसवा किंवा औषध दुकानदाराला विचारा. एकच नाव दोनदा आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या यादीत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड यातलं नाव दिसलं किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याखाली लाल रेघ मारा. ही औषधं शुगर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात, आणि त्यांच्या जोडीला साखर उतरवणारी वनस्पती आली की तो धोका वाढतो. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका बराच कमी.

शुगर 70 च्या खाली गेली तर काय करायचं ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. साखरेचे तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून लगेच द्यायचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. अजून 70 च्या आत असेल तर पुन्हा तेवढीच साखर. वर आली की पोळी किंवा भाकरीचा तुकडा खायला द्यायचा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, 108 ला फोन लावा. ग्लिमेपिराइडने उतरलेली शुगर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते, त्यामुळे त्या रात्री कुणीतरी जागं राहून मोजत राहावं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावेत.

गोळी चालूच राहणार

"गोळी म्हणजे केमिकल, पाला म्हणजे निसर्ग" हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकतो. मेटफॉर्मिनची पाळंमुळंही झाडातच आहेत. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती जुन्या काळापासून औषधात होती. तिच्यात साखर उतरवणारी ग्वानिडीन जातीची द्रव्यं सापडली, पण ती फार विषारी निघाली. त्या धाग्यावरून पुढे जे सुरक्षित औषध तयार झालं ते मेटफॉर्मिन, आणि 1957 पासून ते फ्रान्समध्ये माणसांना द्यायला लागले. म्हणजे झाडाचा गुण घेऊन, त्यातलं विष वगळून, मात्रा ठरवून ते आपल्यापर्यंत आलं आहे. एकट्या मेटफॉर्मिनने एचबीएवनसी साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडं अधिक उतरतं. पुढे सांगितलेल्या कुठल्याही पाल्याला हे इतक्या खात्रीने जमल्याचं सिद्ध झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट कळवळून सांगतो. शुगर आतून नसा, डोळ्यांचा पडदा आणि किडनी खात असते तेव्हा काहीच दुखत नाही. गोळी सोडून सहा महिने काढा घेतलेल्या माणसाला बरं वाटत असतं, आणि डोळे तपासायला गेल्यावर पडद्यावर रक्त उतरलेलं निघतं. बरं वाटणं हा पुरावा धरू नका.

निवडायचीच तर आधी मेथी

मला कुणी विचारलं की एकच काय घेऊ, तर मी मेथी सांगतो. ती खाण्यातली आहे, प्रत्येक किराणा दुकानात मिळते, भेसळीची भीती कमी, आणि तिच्यावर माणसांमध्ये झालेलं काम बाकी वनस्पतींपेक्षा जास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर बरीच वर्षं अभ्यास झाले.

मेथीच्या दाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट तंतू असतो. पाण्यात तो फुगतो आणि पोटात बुळबुळीत लगदा होतो. त्या लगद्यामुळे भाता-भाकरीतली साखर रक्तात सावकाश उतरते, जेवणानंतरची उसळी कमी होते. आता हे कळलं की आपल्याकडची सगळ्यात मोठी चूकही कळते: लोक मेथीचं पाणी पितात आणि दाणे टाकून देतात. गुणाचा मोठा भाग त्या टाकलेल्या दाण्यांत असतो.

करायचं असं. चहाचा एक सपाट चमचा मेथी, म्हणजे साधारण 4 ग्रॅम, रात्री अर्ध्या वाटी पाण्यात भिजत घाला. सकाळी नाश्त्याच्या थोडं आधी दाणे चावून खा आणि वरून तेच पाणी प्या. दात नसतील तर भिजलेले दाणे वाटून ताकात कालवा. पहिल्या आठवड्यात पोट फुगतं, गॅस होतो, काहींना पातळ शौचाला होतं. तसं झालं तर अर्ध्या चमच्यावर या. दोन आठवडे नीट गेले तर रात्रीच्या जेवणाआधी आणखी एक चमचा. दिवसाला 10 ग्रॅमच्या वर घरच्या घरी जाऊ नका.

भिजवायचा कंटाळा असेल तर जोंधळा दळायला देताना किलोला मूठभर मेथी त्यातच टाका. भाकरी किंचित कडवट लागते, तव्यावर खरपूस भाजली की ती चव कळत नाही. ही सवय मला सगळ्यात टिकाऊ वाटते, कारण औषध घ्यायची आठवण ठेवावी लागत नाही. मेथीची पालेभाजी जरूर खा, पण तिच्यात दाण्याएवढा तो चिकट तंतू नसतो. आणि बाळंतिणीसाठी केलेले गूळ-तुपातले मेथीचे लाडू "मेथीच आहे की" म्हणून शुगरवाल्याने खायचे नाहीत.

थायरॉइडची गोळी आणि मेथी यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, तो लगदा गोळीलाही अडवू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथी नको. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीचाही त्रास होऊ शकतो, कुळी एकच आहे. घामाला आणि लघवीला मेथीसारखा वास येईल, त्याला घाबरू नका.

कारलं, आणि दुधीच्या रसाची गोष्ट

कारल्यात चॅरँटिन नावाचं द्रव्य आणि इन्सुलिनसारखं वागणारी काही प्रथिनं आहेत. थायलंडमध्ये झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला 2 ग्रॅम कारल्याच्या पुडीचा थोडा परिणाम दिसला, पण दिवसाला 1000 मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. बाकीच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर ठाम काही हाती लागत नाही. "कडू खाल्लं की गोड जातं" या समजुतीला तर काहीच आधार नाही. कडू औषधाने आदल्या दिवशीचा कुंदा वजा होत नाही.

माझा सल्ला भाजीचा. आठवड्यातून दोन-तीनदा कारल्याची भाजी करा, गूळ-चिंचेचा रस्सा न करता कांदा घालून परतून. रस घ्यायचाच असेल तर एका लहान कारल्याचा, बिया काढून, 30 मिलिलिटरच्या आसपास, आणि तो नाश्त्याबरोबर. लाल रेघेची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी कारल्याचा रस घेऊन फिरायला निघू नका. गरोदरपणात रस अजिबात नको.

आता महत्त्वाचं. बरेच जण कारलं आणि दुधी एकत्र मिक्सरमधून काढून पितात. दुधीचं एखादं फळ कडू निघतं. त्या कडूपणातच क्युकरबिटॅसिन नावाचं विष असतं. त्याने उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब पडणं असे प्रकार होतात आणि आपल्या देशात यामुळे माणसं दगावली आहेत. आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या तज्ज्ञ समितीने यावर मुद्दाम इशारा दिला होता. नुसता दुधी असेल तर कडू चव लगेच कळते, पण कारल्यात मिसळला की ती झाकली जाते. म्हणून दोन्हींचा रस एकत्र कधीही काढू नका. दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावा, कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि ते फळ फेकून द्या. रस पिऊन पोटात कळा आल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

जांभूळ, बिबळा आणि बाकीची मंडळी

मे-जून आला की खानापूर, जांबोटीकडून जांभळाच्या पाट्या बेळगावात येतात. वाटीभर जांभळं शुगर असणाऱ्याने खायला हरकत नाही. औषध म्हणून बी वापरतात, आयुर्वेदात तिच्या चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम आहे. माणसांमधला पुरावा मात्र कमजोर आहे. तरी कुणाला करायचंच असेल तर खरी अडचण वाळवण्याची आहे. जांभूळ संपतं आणि आपल्याकडे पाऊस लागतो. कणकुंबीकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. बिया सूपभर पसरून माळ्यावर ठेवल्या की वरून कोरड्या दिसतात, आतला गर ओला राहतो आणि काळी बुरशी धरते. ती पूड पोटात गेली तर लिव्हरला अपाय होऊ शकतो. गर धुऊन काढा, बिया दोन दिवस सुकवून वरचं टरफल सोला, आतली हिरवट बी फोडून तुकडे करा आणि मग खणखणीत वाळेपर्यंत पंख्याखाली किंवा चुलीच्या उबेला ठेवा. तुकडा मोडताना कट्ट आवाज यायला हवा. कुबट वास आला तर टाकून द्या. पूड थोडी थोडीच करा. दिवसाला एक लहान चमचा, जेवणाआधी, पाण्यातून.

बिबळा, म्हणजे विजयसार, आपल्या घाटाच्या जंगलातलं झाड. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते पिवळसर तांबूस होतं. यावर आयसीएमआरची चाचणी झाली होती, 1998 मध्ये ती प्रसिद्ध झाली. नव्याने मधुमेह निघालेल्या 97 जणांना 2 ते 4 ग्रॅम अशी मोजलेली मात्रा दिली, 12 आठवड्यांत 67 जणांची शुगर आटोक्यात आली. आकडा चांगला आहे, पण तुलनेला औषध न घेणारा दुसरा गट नव्हता, आणि ती माणसं सौम्य मधुमेहाची होती. पेल्यातल्या पाण्यात किती अर्क उतरतो याला काही माप नाही. पेला नवा असताना दाट रंग येतो, पुढे फिका होत जातो. रंग येईनासा झाला की त्यात काही उरलं नाही असं समजा. पाणी ओतून झालं की पेला उपडा करून रोज पूर्ण वाळवा, पावसाळ्यात आत बुरशी धरते. आणि कुणी भीमगडच्या बाजूने ओली साल सोलून आणून देत असेल तर घेऊ नका. साल सोललं की झाड मरतं, तो गुन्हाही आहे, आणि गुणासाठी लागतं ते आतलं पिकलं लाकूड.

गुडमार, म्हणजे मधुनाशिनी, हिचं पान चावलं की अर्धा-पाऊण तास गोड चवच लागत नाही, साखर वाळूसारखी लागते. गोडाची ओढ फार असलेल्यांना हे खरोखर उपयोगी पडतं. पण लाल रेघेच्या गोळीबरोबर गुडमार घेताना सगळ्यात जास्त सावध राहा.

तोंडलीवर बंगळूरमध्ये चांगली चाचणी झाली आहे. नव्याने मधुमेह निघालेल्या 60 जणांपैकी निम्म्यांना दिवसाला 1 ग्रॅम अर्क 90 दिवस दिला, उपाशीपोटीची शुगर सरासरी 16 टक्क्यांनी उतरली. तो अर्क वेगळा, आपली भाजी वेगळी. भाजी आनंदाने खा, औषध म्हणून तिच्या भरवशावर राहू नका.

दालचिनी घ्यायची तर चिमूटभर. बाजारात बहुतेक मिळते ती जाड, टणक सालीची कॅशिया. तिच्यात कुमारिन भरपूर असतं आणि ते रोज चमचा चमचा खाल्ल्यास लिव्हरला बाधतं. पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरडता येणारी ती सिलोनची, तिच्यात ते फार कमी.

गुळवेल कोरोनाच्या काळात घरोघरी उकळली गेली आणि त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की दुसऱ्याच जातीच्या वेलीशी गल्लत होत असावी. दोन्ही खरं धरलं तरी निष्कर्ष एकच निघतो: कुंपणावरची वेल ओळखीची नसताना तोडून महिनोन्महिने पिऊ नका. अंगणात लावलेलं "इन्सुलिनचं झाड" आणि कडुलिंबाचा रस यांच्याबद्दल भरवशाने सांगावं असं फारसं काही नाही, मी तरी सुचवत नाही.

कुठून घ्यायचं

सुटं घ्यायचं असेल तर रविवार पेठेत किंवा आपल्या गावच्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खं घ्या आणि घरी कुटा. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्याला दिसत नाही, अख्ख्यात दिसतं. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर मेथीला मेंत्या, कारल्याला हागलकाई, जांभळाला नेरळे, बिबळ्याला होन्ने, गुळवेलीला अमृतबळ्ळी म्हणा, म्हणजे हातात भलतं पडणार नाही.

वार ठरवून गावात येणारे, "पंधरा दिवसांत शुगर मुळापासून काढतो" म्हणत बिनानावाची पुडी देणारे लोक आपल्या भागात फिरतात. त्यांची पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्याच कुटून घातलेल्या आढळल्याची उदाहरणं देशात आणि परदेशात आहेत. चार दिवसांत शुगर धाडकन खाली आली तर गुण आला म्हणून हरखून जाऊ नका, संशय घ्या. डब्यावर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर ते औषध नाही. धातूची भस्मं असलेली औषधं वैद्याच्या देखरेखीशिवाय नकोतच.

रीतसर आयुर्वेदाचा सल्ला हवा असेल तर शहापूरला केएलईचं आयुर्वेद महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थाही बेळगावातच नेहरूनगरला आहे, ती संशोधनाची जागा. इतकं सगळं हाताशी असताना बिनानावाची पुडी कशाला?

गुण आला की नाही, हे कसं ओळखायचं

घरी ग्लुकोमीटर असेल तर ही पद्धत वापरा. सकाळचा नाश्ता तोच ठेवा, उदाहरणार्थ ठरलेल्या वाटीने मोजून पोहे. तीन दिवस मेथीशिवाय, तीन दिवस मेथीसह. दर दिवशी खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजा. दोन्हींतला फरक लिहा. मेथीच्या दिवसांत हा फरक तिन्ही वेळा स्पष्ट कमी येत असेल तर तुमच्या पोटात मेथी काम करतेय.

मीटर किती चुकतो तेही लक्षात घ्या. चांगल्या मीटरलाही 100 च्या वरच्या आकड्यात 15 टक्क्यांपर्यंत मागेपुढे होण्याची मुभा असते. त्यामुळे 150 चे 138 झाले यात अजून काहीच सिद्ध होत नाही. मोजण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. गूळ फोडलेल्या बोटाने मोजलं तर आकडा खोटाच चढा येतो. बोटाच्या टोकाऐवजी बाजूला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, आपल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या बिघडतात.

या काळात बाकी काही बदलू नका. नवीन पाला, नवीन गोळी, नवीन चालणं एकदम सुरू केलं की हिशेब गेला. खाण्यावरही नजर ठेवा. "साखर कवाच सोडली बगा, गूळच तेवढा घालतोय चहात," असं मला चिकोडी-अथणीकडचे लोक सांगतात. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, काकवीही तीच. जोंधळ्याची भाकरी चांगली, पण ती चार खाल्ल्या तर भाताएवढीच चढते. एकादशीला साबुदाणा आणि रताळी मनसोक्त खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशीचा आकडा मेथीच्या नावावर टाकू नका. लाल रेघेची गोळी घेऊन दिवसभर कडक उपास तर मुळीच नको, आधी डॉक्टरांशी बोला.

डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अन्न नकोसं वाटणं, अंगाला खाज, पायावर सूज, सतत जुलाब यातलं काही दिसलं तर झाडपाला त्याच दिवशी बंद. शुगर 300 च्या वर राहून उलट्या होत असतील, धाप लागत असेल, माणूस गुंगीत जात असेल तर वाट बघू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधीपासून सगळं चूर्ण-काढा थांबवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. भाताच्या चिखलात काम करून पायाला चीर पडली तर तिच्यावर पाल्याचा लगदा बांधू नका, स्वच्छ धुऊन दवाखान्यात दाखवा.

तीन महिने झाले की एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि एसजीपीटी पुन्हा करा. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात केलेल्या एचबीएवनसीवरून पूर्ण चित्र कळत नाही. एचबीएवनसी उतरलं, बाकी दोन जागच्या जागी असली तर चालू ठेवा. हललं नसेल तर ती वनस्पती सोडा आणि हवं तर पंधरा दिवस थांबून दुसरी एक घ्या, याच रीतीने. शुगर सतत 80-90 च्या आसपास यायला लागली तर गोळी आपल्या मनाने अर्धी करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, काय घेताय ते चमच्याच्या मापासकट सांगा, आणि कुठली गोळी किती कमी करायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. आकडे समोर ठेवले की बहुतेक डॉक्टर ऐकून घेतात, आणि ऐकून न घेणाऱ्यांपेक्षा ऐकून घेणारे डॉक्टर शोधणं जास्त बरं.